आतून लावलेली कडी

दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीत माझी मावशी बाथरूममध्ये पडली. वय 81, एकटीच राहते. अकरा वाजले तरी दुधाची पिशवी दारालाच लटकलेली दिसली म्हणून शेजारच्या काकूंनी बेल वाजवली, हाका मारल्या. किल्ली त्यांच्याकडे होती, पण सेफ्टी डोअरला आतून कडी. त्यांचा मला फोन आला तेव्हा इथे ओहायोत रात्रीचा दीड वाजला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी पोलीस चौकीत गेले. तिथले हवालदार म्हणाले, "रक्ताच्या नात्यातलं कोणी येऊ दे, मग बघू. उद्या आमच्यावर चोरीचा आळ आला तर?" शेवटी कोणाला तरी अग्निशमन दल सुचलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची ग्रिल कापली आणि एक जवान आत उतरला. मावशी शुद्धीवर होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. साडेतीन तास ती ओल्या लादीवर पडून होती आणि दाराबाहेरचं सगळं बोलणं तिला ऐकू येत होतं.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद चालू आहे. काही जण म्हणतात, मुलं-भाचरं परदेशात गेली की हेच होणार. 2017 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतून आलेल्या मुलाने ओशिवऱ्यातल्या फ्लॅटचं दार उघडून घेतलं आणि आत आईचा सांगाडा सापडला, तो दाखला हमखास निघतो. तो वाचला की माझ्या पोटात खड्डा पडतो. माझ्या मामेभावाचं म्हणणं वेगळं आहे: अमेरिकेत एक फोन केला की पोलीस दार फोडून आत जातात, तसा अधिकार आपल्या पोलिसांनाही द्या.

दादा, तुझी कळकळ मला समजते. पण इथे तसं नाही, आणि जिथे तसं होतं तिथे माणसं मेलीही आहेत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या समोरच्या आजोबांच्या अंगणात चार दिवसांची वर्तमानपत्रं बर्फात रुतलेली दिसली. मी पोलिसांच्या साध्या, म्हणजे तातडीच्या नव्हे अशा, नंबरवर फोन केला. पोलिसांनी घरी जाऊन माणूस ठीक आहे ना ते बघायचं, याला इथे वेलफेअर चेक म्हणतात. फोनवरच्या बाईंनी विचारलं: शेवटचं कधी पाहिलं, आजार काय, घरात बंदूक आहे का, कुत्रा आहे का, नातेवाईक कोण? दोन पोलीस आले. त्यांनी पुढचं-मागचं दार वाजवलं, प्रत्येक वेळी आपण पोलीस आहोत हे मोठ्याने सांगितलं, खिडक्यांतून टॉर्च मारून पाहिलं, टपालपेटी उघडून टपाल किती साचलंय ते बघितलं. एक जण जवळच्या इस्पितळांत फोन करत होता. वरिष्ठांशी बोलल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, असं तो मला म्हणाला. वीस मिनिटांत आजोबांच्या मुलीचा नंबर मिळाला. आजोबा तिच्याकडेच होते. दार शाबूत राहिलं.

हे शिकवून येतं, आणि त्यामागे कायदाही आहे. 2021 मध्ये 'कॅनिग्लिया विरुद्ध स्ट्रॉम' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की लोकांची काळजी घेणं हे पोलिसांचं काम असलं, तरी तेवढ्यावर वॉरंटशिवाय घरात शिरता येणार नाही. ऱ्होड आयलंडमधल्या एका बाईंनी नवऱ्याची विचारपूस करा म्हणून फोन केला होता. नवरा तपासणीसाठी इस्पितळात गेला आणि पोलिसांनी मागे घरात शिरून त्याच्या बंदुका नेल्या. त्याच निकालात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं: दर रविवारी चर्चला येणारे म्हातारे गृहस्थ आले नाहीत, दिवसभर फोन उचलत नाहीत, दार वाजवलं तर उत्तर नाही. पोलिसांनी आत जावं का? अर्थातच जावं. मी ते वाचताना मावशीच्या दारावरची दुधाची पिशवी डोळ्यांपुढे आली.

पण कायद्याने आत जाता येणं वेगळं आणि आतला माणूस सुखरूप राहणं वेगळं. मोंटानात 2021 मध्ये एक माणूस आत्महत्या करेल या भीतीने पोलिसांना बोलावलं गेलं. ते सुमारे 40 मिनिटं बाहेर थांबले, मग बंदुका घेऊन आत शिरले, आणि तो कपाटाच्या पडद्याआडून पुढे येताच त्याला गोळी लागली. तो वाचला. 2026 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो प्रवेश कायदेशीर ठरवला.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची अटाटियाना जेफरसन वाचली नाही. ऑक्टोबर 2019, रात्रीची वेळ. पुढचं दार उघडं दिसलं म्हणून शेजाऱ्याने काळजीने साध्या नंबरवर फोन केला. पोलिसांपर्यंत निरोप गेला तो 'उघडी वास्तू' असा, आत कोणाला मदत हवी असेल असा नाही. पोलीस मागच्या अंगणात शिरला, आपण कोण ते सांगितलंच नाही, आणि खिडकीतून गोळी झाडली. ती 28 वर्षांची होती, आठ वर्षांच्या भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत होती. 2022 मध्ये त्या पोलिसाला जवळजवळ 12 वर्षांची शिक्षा झाली. त्या शेजाऱ्याच्या जागी मी असते तर पुन्हा कधी कोणासाठी फोन केला असता, असं मला वाटत नाही.

म्हणून दादा, आपल्याकडे नव्या अधिकाराची उणीव आहे असं मला वाटत नाही. वॉरंटशिवाय घरात शिरण्याच्या आपल्या तरतुदी आरोपी, गुन्हा आणि पुरावा यांच्याभोवती आहेत, हे खरं. लादीवर पडलेली म्हातारी त्यांत कुठे बसत नाही. पण मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 ने संरक्षण दिलं आहे, आणि जुन्या दंड संहितेतही ते होतंच. सेक्रेटरी आणि दोन शेजारी पंच म्हणून उभे करायचे, मोबाइलवर चित्रीकरण करायचं, दार उघडायचं, माणसाला बाहेर काढायचं, कपाटाला हात लावायचा नाही, दार बंद करून किल्ली कोणाकडे दिली ते लिहून घ्यायचं. हे सगळं एका दुपारी शिकवता येतं. त्या हवालदारांना ते कोणीच शिकवलेलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो, पण आळाची त्यांची भीती खोटी नव्हती.

आणि दार फोडायची वेळ येण्याआधीचं काम तर कागदावर आहेच. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली केंद्राने जे आदर्श नियम दिले, त्यांत म्हटलं आहे की प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि महिन्यातून निदान एकदा कोणीतरी त्यांना भेटून यावं. इमारतीत पंधरा वर्षं राहणाऱ्या काकूंनी असं कोणी आलेलं पाहिलेलं नाही. महिन्याला एकदा पाच मिनिटं दारात उभं राहिलेल्या पोलिसाला किल्ली कोणाकडे असते, भाची कुठे असते, हे माहीत असतं. तो रक्ताचं नातं विचारत बसत नाही.

मावशी आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. काकूंनी सुताराला बोलावून सेफ्टी डोअरची आतली कडी काढून टाकली आणि बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसवून घेतलं. मावशी पहिल्या रात्री त्यामुळे झोपली नाही. चाळीस वर्षं ती कडी लावूनच झोपत आली आहे. सोमवारी सेक्रेटरी पोलीस ठाण्यात जाणार आहेत, यादीत तिचं नाव घालायला. बिल्डिंगमधली आणखी सहा नावं त्यांनी सोबत घेतली आहेत.