पुरुषांनीही उठावं, पण आधी विचारून

जेवणानंतरच्या आवराआवरीत पाहुण्यांनी मदत करावी का, यावरच्या एका लेखात 'पाहुण्यांनी यजमानांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये' असं मत वाचलं; ते मला पटलं नाही. गौरीजेवणाला वीस-पंचवीस पानं उठतात आणि मागची आवराआवर पडते ती सकाळपासून पुरण वाटत उभ्या असलेल्या दोन-तीन बायकांच्याच अंगावर. पाहुणी आलेली बाई आपसूक पदर खोचते. पाहुण्या पुरुषाला मात्र कुणी स्वतःचं ताटही उचलू देत नाही. हे मला फार खटकतं. जावयांनी, भाच्यांनी, सगळ्यांनीच उठावं.

मदत मात्र विचारून करावी. काही घरांत सामिषाची भांडी आणि घासणी वेगळी असते. बिडाचा तवा साबणाने खसाखसा घासला तर मुरलेलं तेल निघून जातं. त्यापेक्षा खरकटं एका पातेल्यात काढणं, उरलेलं डब्यांत भरणं, टेबल पुसणं ही कामं कुणालाही जमतात.

आणि 'राहू दे, सकाळी मावशी येतील' असं यजमानीण म्हणाली, तरी भांडी निदान विसळून पाण्यात ठेवा. रात्रभर वाळलेला भात मावशींनाच खरवडावा लागतो. त्या जादा भांड्यांचे पैसेही त्यांना वेगळे मिळायला हवेत.