सेल्फ हळू फिरतो म्हणजे बॅटरी गेलीच असं नाही

थंडी पडली की नागपूरजवळच्या वाडी भागातल्या ट्रकवाल्यांमध्ये सेल्फबद्दल (इंजिन सुरू करणारी मोटर) एक मेसेज फिरतो : "जुन्या डिझेल गाडीचा सेल्फ सकाळी हळू फिरला की दोन्ही बॅटऱ्या बदला." हे अर्धवट आहे, आणि त्यापायी चालू बॅटऱ्या भंगारात जातात. माझ्याच दोन गेल्या. नव्या टाकल्या, तरी सेल्फ तसाच कण्हत होता.

२४ व्होल्टच्या गाडीत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या असतात. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण खरी परीक्षा लोडवर, म्हणजे सेल्फ फिरत असताना. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरच्या पिना क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटांवर धरा. एकच बॅटरी दहाच्या बरीच खाली बसली तर ती कमजोर. दोन्ही टिकल्या, तरी सेल्फ ओढत नसेल, तर दोष पुढे आहे.

मग एक पिन चेसिसला जोडलेल्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या बराच वर आकडा गेला, की अर्थिंग (बॅटरीची चेसिस-इंजिनशी जोडणी) खराब. माझ्या गाडीत चेसिसच्या बोल्टखाली अर्थिंगच्या पट्टीचा लग (टोकाची कडी) हिरवट पावडरने भरला होता. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, सेल्फ पहिल्यासारखा फिरला.

अर्थिंग आणि पॉझिटिव्ह केबल दोन्ही ठीक निघाल्या, तरच सेल्फ उतरवून कार्बन (आतले ब्रश) आणि बुश (शाफ्टचा आधार) बघा. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत जाड ऑइलही सेल्फवर भार टाकतं, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आहे ना, ते मिस्त्रीला विचारा.