बाबासाहेब १९४७ साली ‘अचानक’ मंत्री झाले नव्हते

एप्रिल आला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला: ‘आंबेडकरांची वकिली चालली नाही म्हणून ते राजकारणात आले. कारभाराचा अनुभव नसताना नेहरूंनी मेहरबानी करून मंत्री केलं. हिंदू कोड बिल अडलं तेव्हा रुसून राजीनामा दिला.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी वकिली. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर सुरुवातीला कामं मिळणं कठीण गेलं, हे खरं. त्याचं कारण जात होती, कुवत नव्हे. ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांवरच्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी अपिलात बाजू मांडली आणि आरोपी सुटले. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले तेही बाबासाहेबच. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. न चालणाऱ्या वकिलाला ही खुर्ची कोण देतं?

‘अनुभव नसताना’ हे तर सर्वांत खोटं. १९४२ ते १९४६ अशी चार वर्षं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, म्हणजे तेव्हाच्या केंद्र सरकारात, मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज, सार्वजनिक बांधकाम हीही खाती त्यांच्याकडेच होती. दामोदर खोऱ्याच्या धरण-वीज योजनेची पायाभरणी याच काळातली. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणींवर गेले, खाली उतरून मजूर कसे काम करतात ते पाहिलं, त्यांच्या खोल्याही पाहिल्या. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो त्यांनीच मांडलेल्या विधेयकाने. आज आठ तासांची पाळी करून घरी जाणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेहरबानीबद्दल एवढंच. १९४६ साली काँग्रेसच्या विरोधात, दलित नेते जोगेंद्रनाथ मंडलांच्या साथीने ते बंगालमधून संविधान सभेवर गेले. फाळणीने ती जागा गेल्यावर १९४७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईतून निवडून आणलं, हे मान्य करायलाच हवं. पण तोवर संविधान सभेने त्यांचं काम पाहिलं होतं, आणि असा माणूस बाहेर राहणं परवडणारं नव्हतं.

राहिला राजीनामा. १० ऑक्टोबर १९५१ ला त्यांना संसदेत निवेदन करायचं होतं. उपसभापतींनी आधी प्रत मागितली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन पत्रकारांना दिलं. त्यात हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे सुधारणारं हिंदू कोड बिल आहेच, पण ते शेवटी येतं. त्याआधी ते सांगतात की नियोजन खातं देण्याचं आश्वासन मिळूनही ते आलं नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतलं नाही. अनुसूचित जातींना वाऱ्यावर सोडलं, मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला नाही. काश्मीर आणि परराष्ट्र धोरण पटत नाही, लष्करावरचा खर्च पेलत नाही. स्वतःकडच्या कायदा खात्याला तर ते रिकामं साबणाचं खोकं म्हणतात, म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेलं. धरणं आणि वीज हाताळून आलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. यात रुसवा कुठे दिसतो?