वाचनालयातला रोजचा दंड बंद करा, परतीची तारीख एकच ठेवा

वाचनालयाच्या भिंतीवरचा नियमांचा फलक एकदा नीट वाचून पाहा. कादंबरी १५ दिवस, नवं पुस्तक ८ दिवस, मासिक ४ दिवस, दिवाळी अंक २ दिवस. उशीर झाला तर पुस्तकाला रोज १ रुपया, मासिकाला २. आकडे गावागणिक बदलतात, गुंता मात्र तोच. माझं स्पष्ट मत आहे की मुदत सरसकट ३ आठवडे करावी आणि रोजचा दंड काढून टाकावा.

दंडाचं गणित बघा. २०० रुपयांचं पुस्तक मुदतीनंतर सात महिने घरी राहिलं की रोजच्या १ रुपयाने दंड पुस्तकाच्या किमतीपुढे जातो. अशा वेळी सभासद पुस्तक परत आणत नाही. वाचनालयाची वाटच सोडतो. पुस्तक गेलं, वर्गणी गेली आणि माणूसही गेला. उशीर ५-६ दिवसांचा असेल तर सुट्ट्या पैशांची शोधाशोध, पावती, रोजकीर्दीत नोंद. शिवाय ओळखीच्याला दंड माफ आणि नवख्याकडून वसूल, हे छोट्या गावात अटळ. दंडाचा खरा भार पडतो तो ज्याला १५ रुपयेही मोजून खर्च करावे लागतात, त्याच्यावर.

आता देवघेवीच्या टेबलामागे या. जिथे अजून कार्डपद्धत आहे, तिथे दिलेल्या पुस्तकाचं कार्ड परतीच्या तारखेच्या खुणेमागे ट्रेमध्ये लावतात. मुदती तीन असल्या की टेबलावर शिक्के तीन, आणि आज दिलेली कार्डं तीन ठिकाणी. गर्दीत चुकीचा शिक्का पडला की पुस्तक परत आल्यावर त्यात चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या तारखेमागे कार्ड सापडत नाही. सगळा ट्रे उपसावा लागतो, नाहीतर परत आलेलं पुस्तक सभासदाच्या नावावर तसंच राहतं. खरे वाद इथेच होतात. संगणक आणल्यानेही हे आपोआप सुटत नाही. चार प्रकारचे सभासद आणि चार प्रकारचं साहित्य म्हणजे सोळा नियम भरायचे. सुट्ट्यांचं कॅलेंडर भरलं नाही तर वाचनालय बंद असलेल्या दिवसांचाही दंड लागतो.

मुदतीसाठी सर्वात सोपी युक्ती म्हणजे आठवड्याचा शिक्का. रविवार ते शनिवार या आठवड्यात दिलेल्या प्रत्येक पुस्तकावर त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारची तारीख. शिक्का आठवड्यातून एकदाच बदलायचा. वाचकाला २१ ते २७ दिवस मिळतात आणि तारीख साप्ताहिक सुट्टीवर कधी येत नाही. शनिवारीच सुट्टी असेल तर दुसरा वार धरा. दुसऱ्या कुणी पुस्तकाची मागणी नोंदवली नसेल तर फोनवर मुदत वाढवून द्यावी, दोनदापर्यंत. अपवाद फक्त दिवाळी अंकांचा: दोन-तीन महिने त्यांना एवढी मागणी असते की ७ दिवसांपेक्षा जास्त देणं इतरांवर अन्याय आहे.

मग धाक कशाचा? जुनं पुस्तक आल्याशिवाय नवं मिळणार नाही, याचा. वाचणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. तारखेच्या तीन दिवस आधी व्हॉट्सॲपवर आठवण, तारीख उलटल्यावर आठवड्याने फोन, महिन्याने पत्र. ६० दिवस झाले की पुस्तक हरवलं असं धरून किंमत अनामतीतून वळती करायची. पुढे वर्षभरात ते चांगल्या स्थितीत परत आलं तर पैसे परत. किंमत आजची धरा. दाखल नोंदवहीत १९८५ साली ३५ रुपयांना घेतलेलं पुस्तक आज त्या पैशात मिळत नाही. म्हणूनच ५०-१०० रुपयांची जुनी अनामत नव्या सभासदांसाठी वाढवावी, पण मुलांच्या विभागाला यातून वगळावं.

‘दंड नसेल तर कुणी पुस्तक परतच करणार नाही’, ही भीती मला पटत नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १ ऑक्टोबर २०१९ पासून उशिराचा दंड बंद केला, तेव्हा लोकांच्या घरी अडकलेली जुनी पुस्तकं मोठ्या संख्येने परत आली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनेही ऑक्टोबर २०२१मध्ये हेच केलं. हरवलेल्या पुस्तकाची किंमत दोन्हीकडे आजही द्यावी लागते. आपल्याकडे तर बहुतेक ठिकाणी अनामत आधीच हातात असते.

बदल करताना दंडाचा दर कुठे लिहिलाय ते आधी पाहा. नियमावलीत असेल तर सहसा कार्यकारी मंडळाचा ठराव पुरतो, संस्थेच्या घटनेत असेल तर सर्वसाधारण सभेपुढे जावं लागेल. सुरुवात १ एप्रिलला करा, हिशेबाचं वर्ष स्वच्छ सुरू होतं. दिवाळी अंकांच्या गर्दीत मुळीच नको. त्या दिवशी जुना थकलेला सगळा दंड माफ करा आणि तसं दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुस्तक परत आणणाऱ्याला उशिराचं कारण विचारू नका, आणि ते पुस्तक त्याच दिवशी कपाटात लावा.