‘द्राक्षाचा एक मणीसुद्धा दिसला नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. दोन स्टार. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि आज लिहितेय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. आमच्या वाइनच्या कोर्सला १४,५०० रुपये भरले, त्यात तीन शनिवार दादरला केमिस्ट्रीचा तास आणि एक रविवार नाशिकजवळ दिंडोरीच्या द्राक्षबागेत नेऊन काड्या कापून घेतल्या. द्राक्षाचा एक मणीसुद्धा दिसला नाही. बागेत वाइनचा थेंब नाही. चाखायला दिलेल्या चारांतली एक आंबलेली होती. घरी वाइन कशी करायची विचारलं तर कायदा ऐकवला. ‘जेवण मात्र छान’ असंही लिहिलंय, म्हणजे दोनातला एक स्टार आमच्या मावशींच्या ठेच्याचा. तो त्यांना पोचवला.

आधी माझी चूक. जाहिरातीतला तो फोटो, टोपल्या भरभरून काळी द्राक्षं आणि पायाने तुडवणारी मंडळी, हा फेब्रुवारीच्या बॅचचा आहे. तुमची बॅच ऑक्टोबरची. मी पिंपळगाव बसवंतला वाढले, ऑक्टोबरात वेलीवर वाइनची द्राक्षं नसतात हे मला कुणी सांगावं लागत नाही. पण अंधेरीहून येणाऱ्या माणसाला ते कुठून माहीत असणार? तो फोटो मीच निवडला होता, आता काढून टाकलाय. (खरं सांगायचं तर पायाने तुडवणं ही हौस झाली. वायनरीत देठ वेगळे करून मणी फोडायला यंत्र असतं. तेव्हा तो फोटो दोनदा खोटा होता.)

‘काड्या कापून घेतल्या’ याला मात्र हरकत घेते. युरोपात थंडी पडली की वेल आपणहून झोपते, पानं गाळते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, वेल बारा महिने वाढायलाच बघते. म्हणून तिला कात्रीने सांगावं लागतं, आणि तेही वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीपर्यंत, सगळं उतरवतात आणि नव्या काड्या येऊ देतात. त्या काड्यांवरच्या डोळ्यांत (जिथून नवी फूट येते त्या गाठींत) घड धरणार की नुसतीच पानं, हे पावसाळ्याच्या तोंडाला आतल्या आत ठरून गेलेलं असतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी म्हणजे त्या घडाला बाहेर यायला वाट करून देणं. लवकर छाटलं आणि परतीचा पाऊस आला तर कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. फार उशीर केला तर काढणी उन्हाळ्यात ढकलली जाते. आमच्याकडे या आठवड्यांत पाहुण्यांशी बोलायलाही कुणाला वेळ नसतो, तरी मुकादमांनी तुमच्या हातात कात्री दिली.

आणि घड तुम्ही पाहिलाय. दुसऱ्या शनिवारी डोळ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, ‘नुसतं पांढरं काहीतरी दिसतंय.’ ते पांढरं म्हणजेच घड. छाटणीआधी बागायतदार काड्या लॅबला पाठवून हेच तपासून घेतात, कारण फळाचा डोळा कात्रीखाली गेला की त्या काडीचं वर्ष गेलं. आमचे सर पुढच्या स्लाइडकडे वळले आणि ते पांढरं तसंच राहिलं. तिथे थांबायला हवं होतं.

आता बागेत वाइन का दिली नाही ते. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. हे अंगाला लागलं किंवा श्वासातून गेलं, आणि वर दारू प्यायली, की शरीराला ती दारू पुढे पचवता येत नाही. दारू पचताना तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, मळमळतं, रक्तदाब खाली येतो. दारू सोडवायच्या औषधात सायनामाइड वापरलं गेलंय ते याच गुणामुळे. पेस्ट लावणारी आमची माणसं त्या दिवशी आणि त्याच्या आगेमागेही दारूला शिवत नाहीत. तुम्ही छाटत होतात तिथून पाच-सहा रांगा पलीकडे हातमोजे घालून दोघं जण बाटलीत डोळे बुडवल्यासारखं काहीतरी करत होते, आठवतंय? तेच काम. तुम्हाला कुणालाच तिकडे जाऊ दिलं नव्हतं, तरीही त्या शिवारात बसून ग्लास भरायची माझी तयारी नाही. हे बसमध्येच सांगायचं होतं. पण कसाऱ्याला दीड तास अडकलो, सगळे वैतागलेले, मी माइक हातात घेतला तो वडापाव कुणाला किती हे विचारायला, आणि खरं सांगायचं ते राहून गेलं.

चौथा ग्लास आंबलेला होता, कबूल. तो मुद्दाम आंबवलेला होता. बाटली उघडून चार दिवस ठेवली होती, हवा लागलेली वाइन नाकाला कशी लागते ते कळावं म्हणून. तुम्ही ‘व्हिनेगरसारखी’ म्हणालात ते अगदी बरोबर ओळखलंत. आपलं बरोबर आलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच चुकलं. प्रत्येकी ३० मिलीच का, तर चाखण्यासाठी तेवढं पुरतं, आणि पोटभर वाइन हवी असेल तर दादरमध्ये १४,५०० पेक्षा स्वस्त जागा आहेत.

केमिस्ट्रीबद्दल फार भांडत नाही. एका लिटर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल, हे एक वाक्य कळलं तरी द्राक्षं कधी तोडायची ते कळतं. त्यासाठीच कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचा रस आणून तुमच्याकडून त्याचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, मोजून घेतला होता, १९ आला होता. वाइनची द्राक्षं बहुधा २२ ते २४ ला तोडतात. पण शेवटच्या शनिवारी पीएच आणि सल्फरवर सलग अडीच तास बोलले गेले, तेव्हा मागे बसून मीही जांभई दिली. पुढच्या बॅचपासून तो भाग दोन दिवसांत वाटलाय.

घरच्या वाइनबद्दल मात्र माझं उत्तर बदलणार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वयंपाकघरातल्या बरणीत का असेना. राज्याच्या २००१ च्या वाइन धोरणाने सवलती दिल्या त्या वायनरीला. आजीच्या हातची कृती तुमच्याकडे असेल, अनेकांकडे असते, पण फी घेऊन वर्गात ती शिकवली तर माझं दुकान बंद होईल. आंबत असलेला रस घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचा नाही, बाटली फुटते, एवढं मात्र फुकट सांगते.

आता पैशांचं. तुम्ही फोटो बघून पैसे भरलेत आणि फोटोतलं काही मिळालं नाही. त्यामुळे दोनापैकी एक निवडा: निम्मी फी परत, किंवा काढणीच्या वेळी त्याच बागेत एक दिवस, बससकट, काही न भरता. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, राहू दे. तुमच्या बॅचच्या बाकी अकरा जणांनाही हेच कळवलंय.

काढणीला यायचं ठरवलंत तर तारीख आत्ता मागू नका. ती ब्रिक्स ठरवतो. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, एवढंच आज सांगता येतं, आणि नक्की फोन दोन दिवस आधी येईल. उन्हं चढायच्या आत घड थंड असतानाच तोडायचे असतात, म्हणून शनिवारी रात्रीच निघू आणि मुक्काम तिथेच. जुने कपडे आणा, डाग जात नाहीत.

तुम्ही छाटलेल्या वेलीला मुकादमांनी ७ नंबरची पट्टी बांधून ठेवली आहे. काल त्यांचा फोन आला होता. चार-पाच पानं सुटलीत आणि पानाआड घड दिसायला लागलेत, हिरवे, करंगळीच्या पेराएवढे. एका काडीवर तुम्ही फळाचा डोळा कापलाय, तिथे नुसतीच पानं आहेत. दोन्हींचे फोटो तुमच्या नंबरवर पाठवते.