कठडा खचला की रस्ता चढला?

आमचा कट्टा म्हणजे ओढ्यावरच्या मोरीचा, रस्त्याकडेचा कठडा. शाळेत होतो तेव्हा त्यावर बसायला दोन्ही हातांवर जोर देऊन चढावं लागायचं आणि बसल्यावर पाय अधांतरी लोंबकळायचे. परवा बसलो तर तळवे सरळ डांबरावर टेकले आणि गुडघे पोटाशी आले.

"वजन वाढलं तुझं. कठडा खचला," वकील म्हणाला.

ओव्हरसियरकाका हसले नाहीत. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी ते आमच्यातच असतात. "कठडा आहे तिथेच आहे रे. रस्ता वर आलाय."

विषय तसा दुसराच चालला होता. आमच्या भागाच्या सुधारणेसाठी निधी मंजूर झालाय अशी बातमी होती. मास्तरांना अभ्यासिका हवी होती, धाकट्याला मैदानावर दिवे, वकिलाला गुळगुळीत रस्ता. अभ्यासिकेवर दहा मिनिटं गेली, दिव्यांवर तेवढीही नाहीत. मग काकांनी कठड्यावर बोट ठेवलं आणि उरलेली संध्याकाळ तिथेच गेली.

"आजवर इथे किती वेळा डांबर पडलं ते आठवा," काका म्हणाले. माझ्या हिशेबाने चारदा, मास्तरांच्या मते पाचदा. "पाच धरा. दर वेळी चाळीस-पन्नास मिलिमीटरचा थर. झालं ना वीतभर?"

मास्तर एकदम गप्प झाले. त्यांच्या दाराला रस्त्यावरून तीन पायऱ्या होत्या. आता दीड उरलीय, आणि ती अर्धी पायरी अंधारात हमखास पायाला लागते. मोठा पाऊस झाला की त्यांच्या पुढच्या खोलीत पाणी येतं. गटार तुंबलं म्हणून येतं अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

"गटार तुंबतंच," काका म्हणाले, "पण मूळ वेगळंच आहे. रस्ता वर आला म्हणून गटाराची भिंतही वर घेतली. मास्तरांचं अंगण राहिलं खाली. अंगणातलं पाणी गटारात जायचं तर त्याने आता चढ चढायचा का?"

वकील उसळला. "मग काय, रस्ताच करायचा नाही? लोकांना खड्डे नकोत, बस! तुमच्या गटारात कोण डोकावतं? गटार उपसलं म्हणून कुणी फीत कापल्याचं बघितलंय कधी?"

वकिलाचं हे बोलणं मला आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही. नव्या कामाला निधी मिळतो, नावाची पाटी लागते. केलेलं काम राखायला काही शिल्लक नसतं.

"बरं, खड्डा पडतो कशाने?" काकांनी विचारलं.

"अवजड गाड्यांनी."

"अर्धं बरोबर. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर १९५८ ते १९६० सतत ट्रक फिरवले होते. आसावरचा भार दुप्पट केला तर नुकसान दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळापट होतं. पण आपल्या गल्लीत ट्रक येतात किती? इथे रस्ता मारतं ते पाणी. खडीला धरून बसलेलं डांबर पाणी सोडवतं, मग एक खडी निघते, तिच्यामागे दुसरी. म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता हवा. सहा मीटरच्या रस्त्याला अडीच टक्के उतार दिला तर मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटीमीटर उंच येतो. आपल्याकडे खड्ड्यावर ठिगळ, ठिगळावर थर. मधला उंचवटा मोडला, पाणी चाकोरीत साचलं. आणि चेंबरची झाकणं तर बघा, प्रत्येक झाकण म्हणजे एक बांधलेला खड्डा."

ते खरंच आहे. मी त्यातल्या एका झाकणावर स्कूटरसकट आपटलोय, पण तो किस्सा नको.

धाकटा इतका वेळ फोनमध्ये होता. "काका, शिकागोने तर रस्ते मुद्दामच वर घेतले होते. शहर तळ्याकाठी, सपाट आणि दलदलीचं. पाणी निघायचंच नाही. १८५५ मध्ये ठरवलं, आणि पुढे विटांच्या आख्ख्या इमारती खालून स्क्रूजॅक लावून उचलल्या. सिॲटलमध्ये १८८९ च्या आगीनंतर रस्ते वर घेतले. काही दिवस लोक शिडीने रस्त्यावर चढायचे, मग तळमजलेच जमिनीखाली गेले."

"बघा!" वकिलाला जोर चढला. "म्हणजे रस्ता वर घेणं काही पाप नाही."

"नाहीच," काका शांतपणे म्हणाले. "पण शिकागोने आधी गटाराचे नळ टाकले, मग रस्ता वर घेतला, मग घरं उचलली. आपण त्यातलं फक्त मधलं काम करतो."

यावर वकील जरा थांबला, पण हरला नाही. जुना थर मिलिंग मशीनने खरवडायचा, निघालेला माल उचलायचा, तोवर रस्ता बंद ठेवायचा, एवढ्या उस्तवारीपेक्षा आहे त्यावर ओतणं केव्हाही स्वस्त, असं त्याचं म्हणणं. काका म्हणाले, खरवडलेला माल फुकट जात नाही, नव्या मिश्रणात वापरता येतो. आणि स्वस्त कुणाला? मास्तरांची पुढची खोली त्या हिशेबात कुठे आहे?

"ज्यांची घरं उंचावर आहेत ते ओरडणार नाहीत," वकील म्हणाला. "आणि ते जास्त आहेत."

इथे मला बोलावंच लागलं. गेल्या पावसाळ्याआधी मी माझ्या दारापुढे विटांचा बांध घातला. माझं घर कोरडं राहिलं. पाणी वळून गेलं शेजारी, म्हणजे मास्तरांकडेच. नवीन घरं जोती वाढवून बांधली जातात ती याच भीतीने, आणि प्रत्येक वाढीव जोत्याचं पाणी शेवटी जुन्या बुटक्या घराच्या माथी. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाले. तो बांध मी अजून काढलेला नाही, हेही इथे सांगून टाकतो.

मग नळाचा विषय निघाला. मागचा रस्ता झाल्यावर महिन्याच्या आत पाण्याच्या नळासाठी चर खणला होता. बुजवताना थर देऊन, पाणी मारून ठोकायला हवा होता. माती नुसती ढकलली, आणि पहिल्या पावसात ती लांबलचक घळ बसली. आधी जमिनीखालचं सगळं उरका, मग डांबर, यावर वकिलासकट सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या कट्ट्यावर ही घटना दुर्मीळ.

अर्ज वकीलच लिहिणार असं ठरलं. काकांनी सांगितलं, 'रस्ता चांगला करा' असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. तयार रस्त्याची पातळी अंदाजपत्रकात आकड्यात दाखवा, ती आजच्यापेक्षा वर जाणार नाही आणि घरांच्या जोत्यांशी ताडून ठरेल, असं मागा. नळ आणि गटार आधी. चर बुजवल्यावर मधे एक पावसाळा जाऊ द्या, म्हणजे बसायची ती माती बसेल.

"एक पावसाळा?" वकील ओरडला. "तोवर निधी परत जाईल!"

काकांकडे याला उत्तर नव्हतं. वकिलाने तेवढी ओळ अर्जातून वगळली.

उठताना काकांनी विटेचा तुकडा घेऊन कठड्यावर आजच्या रस्त्याच्या पातळीला आडवी रेघ मारली. रात्री पाऊस झाला, रेघ गेली. दुसऱ्या दिवशी धाकटा ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आला आणि रस्त्याच्या बाजूने वाकून बसला.

"तिथे नको," काका म्हणाले. "तिथली डांबराखाली जाईल. ओढ्याच्या बाजूने मार."