इंटरव्ह्यूत खरा प्रश्न दुसरा असतो

नवी मुंबईतलं ऐरोली-महापे-घणसोली असो, नाहीतर इकडे ठाण्यातली वागळे इस्टेट. सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूला निघालेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तीच ती ‘टॉप शंभर प्रश्न’वाली पीडीएफ असते. त्यातले प्रश्न विचारतात, हे खरंच. पण निकाल लागतो तो त्यानंतरच्या ‘बरं, मग असं असेल तर?’ वर. तयारी करायची ती या उपप्रश्नांची.

एसक्यूएलचा (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा) घासून गुळगुळीत झालेला प्रश्न घ्या: दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. पाठ केलेलं उत्तर म्हणजे पगार उतरत्या क्रमाने लावायचे, पहिली ओळ सोडायची, पुढची घ्यायची. लगेच विचारतात, सर्वांत जास्त पगार दोघांना असेल तर? मग तुमची क्वेरी (एसक्यूएलमधली विचारणा) पहिल्या क्रमांकाचाच पगार परत देते, कारण सारखे आकडे एकदाच धरणारं डिस्टिंक्ट लावायचं राहिलेलं असतं. त्यापुढचा प्रश्न म्हणजे हेच प्रत्येक डिपार्टमेंटसाठी काढा. आता पगार 90, 90, 80 हजार धरा. ओळींना क्रमांक देणारी तीन फंक्शन्स आहेत. रो नंबर देतो 1, 2, 3. रँक देतो 1, 1, 3, म्हणजे ‘रँक बरोबर 2’ लिहिलंत तर हाती काहीच लागत नाही. डेन्स रँक देतो 1, 1, 2, आणि आपल्याला हवा तो हाच. या तीन ओळी एकदा स्वतःच्या हाताने टेबलात भरून चालवून बघा, पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

जावावाल्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे हॅशमॅप: ‘की’ दिली की तिच्याखाली ठेवलेली वस्तू झटकन शोधून देणारं टेबल. सुरुवातीची कपॅसिटी 16, लोड फॅक्टर (किती भरलं की वाढवायचं ते प्रमाण) 0.75, म्हणून तेरावी नोंद पडली की टेबल दुप्पट होतं, इथपर्यंत सगळेच सांगतात. मग येतं: दोन वस्तू सारख्या का हे ठरवणारं इक्वल्स ओव्हरराइड केलं (स्वतःचं लिहिलं) आणि वस्तूची जागा ठरवणारा हॅशकोड विसरलात, तर? तर सारख्याच दोन की बहुधा वेगवेगळ्या बकेटमध्ये (कप्प्यात) जातात, आणि आत ठेवलेली वस्तू शोधताना नल (रिकामं उत्तर) मिळतो. एरर नाही, काही नाही. ‘जावा 8 पासून एका बकेटमध्ये आठाच्या वर नोंदी गेल्या की त्यांच्या साध्या यादीचा ट्री (फांद्यांची रचना) होतो’ हे सांगत असाल तर टेबल किमान 64 चं असावं लागतं, हेही सांगा. नाहीतर ट्री न होता टेबलच वाढतं. अर्धवट माहिती फेकली की समोरचा तिथेच खणतो.

कोडिंगच्या राउंडला गप्प बसून टाइप करू नका. आधी विचारा: ॲरे (आकड्यांची यादी) केवढा, ऋण संख्या आहेत का, रिकामा येऊ शकतो का. हे विचारण्यात कमीपणा नाही, विचारावं हीच अपेक्षा असते. ज्यांची बेरीज ठरावीक येते अशा दोन संख्या शोधायच्या आहेत आणि ॲरेत एक लाख आकडे आहेत, तर दोन लूपमध्ये साधारण 500 कोटी जोड्या तपासाव्या लागतात. एक-दोन सेकंदांच्या मर्यादेत ते बसत नाही. म्हणून हॅशमॅप, आणि एकच फेरी. इथली नेहमीची चूक म्हणजे संख्या आधी मॅपमध्ये टाकून मग जोडीदार शोधणं. बेरीज 6 हवी असेल, तर एकटा 3 स्वतःशीच जोडी जमवतो. आधी शोधा, मग टाका. दोन मोठ्या संख्यांची बेरीज इंटमध्ये (नेहमीच्या पूर्णांकाच्या प्रकारात) मावेल का, हेही आपणहून बोला. मर्यादा 214 कोटींच्या आसपास आहे.

इंग्रजी साधं असलं तरी चालतं. मनातला विचार मोठ्याने बोलला जायला हवा.

आता रेझ्युमे. त्यावरचा प्रत्येक शब्द म्हणजे उपप्रश्नांना आवतण. ‘काफ्का वापरलं’ (मेसेज इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा) असं लिहिलंत, तर साधी क्यू (मेसेजची रांग) का नाही चालली, तोच मेसेज दोनदा आला तर काय करता, हे येणारच. टीमने केलेलं आणि तुम्ही केलेलं वेगळं सांगता आलं पाहिजे. ‘आम्ही केलं, आम्ही केलं’ एवढंच ऐकू आलं की समोरचा विचारतो, त्यात तुमचं काय? सांगता येत नसेल तर तो शब्द रेझ्युमेतून काढून टाका.

प्रत्यक्ष बोलावलं असेल तर मोठ्या आयटी पार्कच्या गेटवर ओळखपत्र, व्हिजिटर पास, लॅपटॉपची नोंद यात वेळ जातो. अर्धा तास हाताशी ठेवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्यांनी किती, ते त्यांचं त्यांनी ठरवावं! ऑनलाइन असेल तर स्क्रीन शेअर करण्याआधी व्हॉट्सॲप वेब बंद.

एचआरच्या फेरीत उपप्रश्न तुम्ही विचारायचे. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 12 लाख म्हणजे महिन्याला हातात एक लाख नव्हे. त्यात व्हेरिएबल (कमी-जास्त होणारा भाग) किती, ते कधी आणि कशावर मिळतं? कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरली आहे का? बेसिक 40 हजार असेल आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर 12 टक्क्यांनी महिन्याला तुमचे 4,800 आणि कंपनीचे 4,800 जातात. सीटीसीत धरले असतील, तर दोन्ही तुमच्याच आकड्यातून. पीएफच्या 15 हजारांच्या पगारमर्यादेवर कापत असतील तर 1,800-1,800. म्हणून पगाराचं ब्रेकअप लेखी मागा. नोटीस पीरियड 90 दिवसांचा असेल आणि नवी कंपनी बायआउट (उरलेल्या नोटीसची भरपाई) देणार असेल, तर तेही ऑफर लेटरमध्ये उतरवून घ्या, फोनवरचं ‘हो, करू’ धरू नका. आणि रेझ्युमेवरच्या नोकरीच्या तारखा पीएफच्या नोंदींशी ताडून बघा. व्हेरिफिकेशनवाले त्या तपासू शकतात, आणि फरक निघाला तर हातात आलेली ऑफरही अडकते.